डब्यातल्या तारखा

कंत्राटदार डुबलांनी सिमेंटचा तो तुकडा माझ्या टेबलावर, बरोबर कीबोर्डच्या शेजारी ठेवला आणि खिशातून रुमाल काढून हात पुसले. तुकड्यातून सळईचं एक वाकडं टोक बाहेर आलं होतं. त्याची बारीक माती माझ्या माऊसखाली गेली.

“मॅडम, ही तुमच्या हापिसाची करणी,” ते म्हणाले. “शनिवारपत्तोर हिचा निकाल लावा. ती पोरगी हापिसात हाय तवर नव्या पोर्चला माझा माणूस हात लावणार न्हाई.”

“हे सरांना सांगा. मी कॉम्प्युटर बघते.”

“सरांनीच धाडलंय तुमच्याकडं. म्हणाले, तारखा त्रिशलाबाईंकडं हाईत.”

तारखा माझ्याकडे होत्या हे खरं. फक्त त्या सगळ्या एकच होत्या. अकरा वर्षांची हजारो ड्रॉइंग्ज, आणि प्रत्येकावर दिवाळीच्या आधीचा तोच एक मंगळवार. हे मी त्यांना समजावून सांगायला लागले, तर त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, “शनिवार” एवढंच परत म्हणाले आणि तुकडा तिथेच ठेवून निघून गेले.

सांगलीत बिंदुमाधव हुपरीकरांच्या ऑफिसात मी तोवर बरीच वर्षं काढली होती. इमारतीच्या कुठल्या भागात किती जाडीची सळई, किती अंतरावर, वरच्या बाजूला की खालच्या, हे ठरवून ड्रॉइंग काढून देणं हा आमचा धंदा. सर सत्तरीला टेकले होते. जिल्ह्यातल्या निम्म्या पाण्याच्या टाक्या त्यांच्या हिशेबावर उभ्या आहेत असं लोक म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. मी लागले ती ड्रॉइंग काढायला. पण एकदा बंद पडलेला प्रिंटर मी चालू करून दाखवला, आणि त्या दिवसापासून ऑफिसातली वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या गळ्यात पडली. पंख्याचा आवाज आला तरी लोक मला हाक मारायचे.

सरांना आपली ड्रॉइंग्ज कुठल्या परदेशी कंपनीच्या मशीनवर ठेवायची नव्हती. म्हणून जिन्याखालच्या कपाटात मी आमचा स्वतःचा सर्व्हर बसवला. त्याला सगळे डबा म्हणत. रोज संध्याकाळी डबा प्रत्येकाच्या मशीनवरच्या फाइली गोळा करायचा, आणि साइटवरची माणसं त्यातूनच ड्रॉइंग उतरवून घ्यायची. एकाच नावाच्या दोन फाइली आल्या, तर जिची तारीख नंतरची ती वर राहायची आणि दुसरी ‘जुन्या’ नावाच्या फोल्डरात जायची. नियम मीच घातला होता, आणि तो इतका सरळ होता की त्यात कुणी अडखळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या साफसफाईत सरांनी नवा डबा आणवला, कारण जुना कुरकुरायला लागला होता. मी सगळं नव्यावर उतरवलं. उतरवताना त्या शहाण्याने प्रत्येक फाइलची मूळ तारीख पुसली आणि तिच्यावर उतरवल्याची तारीख मारली. दुसऱ्या दिवसापासून माझं डोकं खाणं सुरू झालं. एकाला त्याचं तीन वर्षांपूर्वीचं काम नवीन दिसत होतं, दुसऱ्याला नवीन काम सापडतच नव्हतं. मी म्हटलं, दिवाळी होऊ द्या, मग बघते.

दिवाळी झाली आणि पोर्च बसला.

मिरज रस्त्यावर एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलचं काम चालू होतं. दारापुढे मोठा पोर्च होता, एका बाजूने भिंतीत धरलेला आणि पुढे मोकळा. सरांनी त्याचं पहिलं ड्रॉइंग स्वतः केलं. नंतर डॉक्टरीणबाईंना त्या पोर्चवर बाग हवीशी झाली. बाग म्हणजे माती, माती म्हणजे वजन. सरांनी ऑफिसातल्या नव्या इंजिनिअरला, गौतमीला, बोलावून सांगितलं, “सळई वाढव, जाडी वाढव, आणि आजच पूर्ण कर.” दसऱ्यानंतर दोन दिवसांनी स्लॅब ओतला. दिवाळीनंतर खालचे टेकू काढले, वर माती पसरली, आणि दुसऱ्या दिवशी पोर्चचं नाक चार बोटं खाली आलं. मुळाशी ही एवढी भेग. नशीब, तेव्हा खाली कुणी उभं नव्हतं, पण अख्खा पोर्च पाडावा लागला.

साइटवर डुबलांनी ज्या ड्रॉइंगने सळई बांधली होती ते सरांचं पहिलं होतं, बागेआधीचं. डब्यात वर तेच दिसत होतं. सरांनी तिथेच, सगळ्या कामगारांसमोर गौतमीला विचारलं, “मी सांगितलेलं तू केलं नाहीस?”

“केलं होतं, सर.”

“केलं होतंस तर गेलं कुठे? उगाच तोंड वर करून बोलू नकोस. असल्या कामाला जबाबदार माणूस लागतो.”

मी तिथे नव्हते. पण डुबलांनी ते वाक्य चहाच्या प्रत्येक टपरीवर इतक्या वेळा ऐकवलं की ते मला पाठ झालं.

गौतमी कांबळे कुपवाडची. वडील सूतगिरणीत. घरातली ती पहिली इंजिनिअर, आणि आमच्याकडे तिची पहिलीच नोकरी. कामाला चोख होती. ज्या मुलीच्या फाइलींची नावं मला बदलावी लागली नाहीत अशी ऑफिसात ती एकटीच. आमच्या धंद्यातली ऑफिसं गावात मोजकी आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. ‘पोर्च पाडणारी पोरगी’ असं नाव एकदा पडलं असतं, तर तिला सांगलीत कुणी उभं केलं नसतं, आणि बाहेरगावी जायला घरची परिस्थिती नव्हती.

तिचं सुधारलेलं ड्रॉइंग मला सापडलं होतं. ‘जुन्या’ फोल्डरात ते नीट बसलेलं होतं. पण त्याच्यावरही तोच मंगळवार. डुबलांनी लगेच निष्कर्ष काढला, “स्लॅब झाल्यावर डोक्यात उजेड पडला आसंल, मग गुपचूप घातली आसंल फाइल.” सरांना हे पटलं असं मला वाटत नाही, पण त्यांनी ते खोडूनही काढलं नाही. “तारखा दुरुस्त करा, त्रिशलाबाई. मग आपोआप कळेल,” एवढंच म्हणाले.

तर ते आपोआप काम मी सुरू केलं.

आमच्या ड्रॉइंगच्या फाइलीत, शेवटची सेव्ह कधी केली ती तारीख आतल्या बाजूला लिहिलेली असते. बाहेरची तारीख पुसली गेली तरी आतली राहते. ती वाचायची आणि बाहेर मारायची, असा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या लोकांनी अकरा वर्षांत फाइलींना काय काय नावं ठेवली होती! ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘एकदम फायनल’, ‘सरांचं फायनल’, आणि एका महाभागाची ‘ही उघडू नये’. प्रोग्रॅम प्रत्येक विचित्र नावापाशी अडून बसायचा आणि मी त्याला ढकलून पुढे न्यायची. स्कॅन केलेल्या कागदांना तर आत तारीखच नव्हती. ते मी हाताने लावत बसले. मधूनच कुणीतरी यायचं, “मॅडम, माझ्या फाइलीचं काय?” मी मान वर न करता म्हणायची, “रांगेत आहे.”

गौतमी मात्र विचारायला येत नव्हती. ती आपल्या जागेवर बसून मान खाली घालून काम करायची. गुरुवारी दुपारी डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. जेवणाचा डबा. उघडला नाही.

“मॅडम, हॉस्पिटलच्या फोल्डरापर्यंत आलं का?”

“आत्ता त्याच्यातच आहे. जेव तू.”

“आधी बघा ना.”

प्रोग्रॅमने तिच्या फाइलीवर आतली तारीख मारली. अठरा सप्टेंबर. स्लॅबच्या कितीतरी आधी. सरांनी सांगितलं त्याच दिवशी तिने ते पूर्ण केलं होतं.

“हे बघ,” मी म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी तिच्या डब्यातली एक शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी परस्पर उचलली.

तिने वरच्या ओळीकडे बोट दाखवलं. “आणि ही?”

तिच्या फाइलीच्या वर सरांचं पहिलं ड्रॉइंग होतं. त्याच्यावर तारीख आली होती, तीन ऑक्टोबर. तिच्या कामाच्या दोन आठवडे नंतरची.

भाकरी हातातच राहिली. म्हणजे डब्याने नियमाने काम केलं होतं. नंतरची तारीख वर, आधीची ‘जुन्या’त. पण सरांचं ते ड्रॉइंग गौतमीच्या आधीचं होतं हे तर सगळ्यांना माहीत होतं. मग कुणीतरी तीन ऑक्टोबरला ते परत उघडून सेव्ह केलं होतं. आणि त्या प्रोजेक्टवर दोघंच माणसं काम करत होती, सर आणि गौतमी.

मी सरांना फोनवरून आत कळवलं. ते म्हणाले, “मी ते करून तिच्या ताब्यात दिलं, त्यानंतर हात लावलेला नाही. म्हणजे तिनेच चुकून जुनं उघडलं आणि वर चढवलं. असं होतं, त्रिशलाबाई. पण असं व्हायला नको होतं.” त्यांचा आवाज कठोर नव्हता. तेच जास्त वाईट होतं.

दोन दिवस डोळे फोडून मी तारखा दुरुस्त केल्या होत्या, त्या गौतमीवरच उलटवण्यासाठी. मला त्या डब्याला लाथ घालावीशी वाटली.

“तीन ऑक्टोबरला तू काय करत होतीस?” मी जरा जोरातच विचारलं.

“नागपूरला होते. आई, मी, मावशी. दीक्षाभूमीवर. दरवर्षी जातो. मी रजा टाकलेली आहे, मॅडम.”

“दीक्षाभूमीवर? म्हणजे तीन ऑक्टोबरला दसरा होता?”

“हो.”

मी भाकरी डब्यात परत ठेवली.

दसऱ्याची आमच्या ऑफिसातली कथा मला कुणी वेगळी सांगायची गरज नाही. मी ती दरवर्षी पुसत असते. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सर सगळ्या मशीनची पूजा करतात. प्रत्येक कीबोर्डवर हळदकुंकू, प्रत्येक स्क्रीनला झेंडूची माळ. मेन स्विच बंद होतो आणि दसरा उलटल्याशिवाय कुणी मशीनला हात लावायचा नाही. मग मी ब्रश घेऊन बसते आणि कळांच्या फटींतलं कुंकू काढते. त्या वर्षी एक मुंगळाही निघाला होता.

“गौतमी,” मी म्हटलं, “दसऱ्याला ऑफिसात वीजच नव्हती.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “मग ही फाइल सेव्ह कुणी केली?”

मी सरांची बाकीची प्रोजेक्ट्स उघडली. आदल्या वर्षी दसऱ्याला तीन ड्रॉइंग्ज. त्याच्या आदल्या वर्षी दोन. त्याच्या मागे एक. सगळी सरांची, आणि सगळी त्या त्या कामातली पहिली. बंद मशीनवर, माळा घातलेल्या स्क्रीनवर, दर दसऱ्याला कुणीतरी सकाळच्या वेळी काम करत होतं.

मी उठले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर भिंगातून एक जुना नकाशा बघत होते. मी दारातूनच विचारलं, “सर, दसऱ्याला तुम्ही इथे येऊन काम करता का?”

“छे. दसऱ्याला यंत्राला हात लावत नाहीत. तुम्हाला माहीत नाही का?”

“मग दर दसऱ्याची तारीख असलेल्या तुमच्या फाइली आहेत, त्या कशा?”

सर हसले. एखादं कसब कुणीतरी ओळखल्यावर माणूस हसतो तसं. “ती होय? अहो, ती मुहूर्ताची तारीख. पितृपक्षात नवीन काम सुरू करायचं नसतं. पण लोकांना दम कुठे असतो? त्यांना ड्रॉइंग लगेच हवं असतं. म्हणून मी काय करतो, पहिल्यांदा सेव्ह करण्याआधी मशीनचं कॅलेंडर पुढे करून दसऱ्यावर नेतो. सेव्ह केलं की परत जागेवर. काम अडत नाही आणि नेमही मोडत नाही. आमचे वडील कागदावर हेच करत. शीटच्या कोपऱ्यात दसऱ्याची तारीख घालत आणि मग पहिली रेघ मारत.”

मी दाराची चौकट धरली. वडिलांचं ठीक होतं. कागद कोपऱ्यातली तारीख वाचून दुसऱ्या कागदाला कपाटात ढकलत नाही.

“सर,” मी शक्य तेवढं हळू म्हटलं, “हॉस्पिटलचं ड्रॉइंग तुम्ही सप्टेंबरात केलंत आणि त्याच्यावर ऑक्टोबर घातलात. काही दिवसांनी गौतमीने सुधारलं आणि त्याच्यावर खरा सप्टेंबर आला. डब्याला वाटलं तुमचं नवं, तिचं जुनं. त्याच संध्याकाळी त्याने तिचं काम खाली टाकलं आणि तुमचं वर ठेवलं. साइटवर तेच गेलं.”

सरांनी भिंग खाली ठेवलं.  मला वाटलं, आता उठतील, त्या मुलीला हाक मारतील.

“डब्याला हे कळायला नको का?” ते म्हणाले.

“काय कळायला?”

“म्हणजे, अजून न आलेला दिवस तो कसा धरतो?”

“त्याला तुम्ही सांगितलंत म्हणून धरतो, सर.”

“हं.” त्यांनी चष्मा काढला, परत घातला. “मग असं करा. माझ्या फाइलीवरची तारीख बरोबर करून टाका आणि शनिवारी सांगू, सर्व्हरचा गोंधळ झाला. कुणाचंच नाव घ्यायला नको. तीही सुटली, आपणही सुटलो.”

“सर्व्हर माझा आहे, सर.”

“तुम्हाला कोण काय बोलणार आहे, त्रिशलाबाई?”

मला त्यांचा राग आला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मी गिळला नाही. “मला कुणी बोलणार नाही, पण तिला सगळे बोललेत. आणि सर्व्हरचा गोंधळ म्हटलं की डुबल म्हणतील, झाकपाक केली. मी ती तारीख अशी बदलणार नाही. शनिवारी सगळ्यांसमोर बदलीन, आणि कुठली घालायची ते तुम्ही सांगायचं.” माझा आवाज बाहेर ऐकू गेला असावा, कारण मी परत आले तेव्हा सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि कुणाच्याच कीबोर्डचा आवाज येत नव्हता.

गौतमीला मी सगळं सांगितलं. ती हसलीही नाही आणि रडलीही नाही.

“पितृपक्ष,” ती म्हणाली. “माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्यात पितर नसतात, मॅडम.”

“आमच्या जैनांतही नसतात,” मी म्हटलं. “म्हणून तर आपण दोघी अशा आंधळ्यासारख्या बसलो होतो.”

“सर शनिवारी बोलतील?”

“माहीत नाही,” मी म्हटलं, कारण मला खरंच माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी डुबल आले ते केबिनमधल्या खुर्चीवर मांडी ठोकून बसले. सर टेबलामागे. गौतमी उभीच राहिली. मी माझा लॅपटॉप सरांच्या टेबलावर उघडला, हॉस्पिटलचं फोल्डर लावलं आणि स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी फिरवली. वर सरांचं ड्रॉइंग, तीन ऑक्टोबर. खाली गौतमीचं, अठरा सप्टेंबर.

“सर?” मी म्हटलं.

सरांनी घसा साफ केला. “डुबल, त्याचं असं झालं. पहिलं ड्रॉइंग मी पितृपक्षात केलं. त्याच्यावर दसऱ्याची तारीख घातली. त्यामुळे सर्व्हरने तेच नवीन धरलं.”

मी डुबलांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना धक्का बसेल, निदान मान तरी खाली जाईल, अशी माझी अपेक्षा होती. डुबल मान डोलवत होते.

“बरोबर हाय की, सर. पितृपक्षात नव्या कामाला हात कोण लावतंय? मीबी गेल्या साली हॉस्पिटलचा पाया घटस्थापनेलाच काढला हुता, पैशाची पावती आधीची आसून. तुमचं काय चुकलं न्हाई.” मग त्यांनी गौतमीकडे बोट केलं. “हिनं त्या दिसांत हात लावला. तिथंच माशी शिंकली.”

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी तोंड उघडलं होतं, आणि त्यातून काय बाहेर पडलं असतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण गौतमी आधी बोलली.

“मला त्या दिवशी काम सरांनी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “आजच पूर्ण कर म्हणाले होते.”

डुबल म्हणाले, “सांगितलं आसंल, पर तू—”

“थांबा, डुबल,” सर म्हणाले.

ते टेबलावरच्या स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी पेन उचललं.

“मी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “आणि मी तिच्याआधी बसलो होतो, त्याच दिवसांत. आम्ही दोघांनीही पितृपक्षातच काम केलं. फरक एवढाच की तिने खरी तारीख राहू दिली आणि मी खोटी घातली. त्रिशलाबाई, बदला.”

“कुठली घालू, सर?”

त्यांना ती आठवावी लागली. तिथीवरून ते बोटांच्या पेरांवर मोजत गेले. “पंधरा सप्टेंबर.”

मी घातली. यादी हलली. सरांचं ड्रॉइंग खाली गेलं आणि गौतमीचं वर आलं. बस, एवढंच. दोन महिने ज्याने सगळं खाल्लं, ते डोळ्याचं पातं लवण्याआधी झालं. डुबल पुढे वाकून स्क्रीन बघत राहिले आणि म्हणाले, “आसं हाय व्हय.”

“गौतमी,” सर म्हणाले, “तू तुझं काम सुरू ठेव. झालं ते झालं.”

मला वाटलं, संपलं. मी लॅपटॉप मिटायला घेतला.

“सर,” गौतमी म्हणाली, “तुम्ही मला साइटवर बोललात.”

“हो. ते मला—”

“सगळ्या माणसांसमोर. सेंट्रिंगवाले होते, सळईवाले होते, वीट वाहणाऱ्या बायका होत्या. मी रोज त्यांच्यात जाते. त्या दिवसापासून मी काही सांगितलं की ते डुबलसाहेबांच्या तोंडाकडे बघतात. हे तुम्ही इथे चौघांत सांगितलंत. इथे मला कुणी काही म्हणत नव्हतं.”

डुबल म्हणाले, “आता साइटवर जाऊन काय सभा घ्यायची काय?”

सरांनी पेन खाली ठेवलं. दोन्ही हात टेबलावर टेकवून ते उठले; उठताना त्यांना वेळ लागायचा. “डुबल, गाडी काढा,” ते म्हणाले.

गाडीत मी आणि गौतमी मागे बसलो. डुबल एकदाच म्हणाले की रस्ता खराब आहे, आणि तो नव्हता.

साइटवर पोर्चचा तुटका राडारोडा एका बाजूला लोटलेला होता. सर त्या ढिगाशेजारी, उन्हात उभे राहिले. डुबलांनी मुकादमाला हाक मारली, मुकादमाने बाकीच्यांना. माणसं हातातलं काम तसंच ठेवून गोळा झाली. एका बाईच्या डोक्यावर घमेलं होतं, ते तिने उतरवलंच नाही.

“मी त्या दिवशी इथे गौतमी मॅडमना बोललो,” सर म्हणाले. त्यांना मोठ्याने बोलायची सवय नव्हती. “ते चुकलं. त्यांचं ड्रॉइंग बरोबर होतं आणि वेळेवर होतं. मी माझ्या ड्रॉइंगवर खोटी तारीख घातली, म्हणून तुमच्या हातात जुनं आलं. पोर्च माझ्यामुळे बसला. त्यांच्यामुळे नाही.”

 त्या बाईने घमेलं उतरवलं. गौतमी सरांपासून थोडी लांब उभी होती. उन्हासाठी तोंडाला बांधलेली ओढणी तिने सोडली नव्हती, त्यामुळे तिचे फक्त डोळे दिसत होते. मला माझेच डोळे पुसावेसे वाटले आणि त्याचाही राग आला.

मुकादमाला मात्र काम पडलं होतं. “मग आता कुनाच्या ड्रॉइंगनं बांधायचं?” त्याने विचारलं.

“मॅडमच्या,” सर म्हणाले.

“लागायचं कधी?”

“उद्या,” डुबल घाईने म्हणाले. “आज आमुशा हाय. आज नको.”

मुकादमाने सरांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मीही. अमावस्येला सर नवी पेन्सिल टोकत नसत, हे मला इतक्या वर्षांत पक्कं माहीत होतं. ते एकदा डुबलांकडे वळले, मग त्यांनी मान हलवली.

“मला काय विचारता?” ते म्हणाले. “मॅडमना विचारा.”

गौतमीने तोंडावरची ओढणी खाली ओढली.

“आज,” ती म्हणाली, आणि माणसं सळया आणायला गेली.